वाघाचं ना-हरकत पत्र

माझ्याकडे एक वाघ विकाऊ आहे. प्राणिसंग्रहालयातला. फोटोच, पण गिऱ्हाइकाला तो 'कुठला' हे सांगितल्याबरोबर त्याच्या चेहऱ्यावर जी कळा येते, ती पाहता खरा वाघ विकणं सोपं गेलं असतं असं वाटतं.

पहिलं गिऱ्हाईक घरचंच होतं. आमच्या साडूंचा छापखाना आहे आणि एका पतसंस्थेच्या दिनदर्शिकेचं काम त्यांच्याकडे आलं होतं. संचालक मंडळाला पहिल्या पानावर वाघ हवा होता. (पतसंस्थेचा आणि वाघाचा संबंध कर्जदारांना विचारावा.) साडू म्हणाले, "फोटो झकास आहे हो, फक्त प्राणिसंग्रहालयाचं पत्र तेवढं आणा. उगाच ऑडिटला कटकट नको."

मी म्हटलं, पत्र कशाला? कॅमेरा माझा, तिकीट मी काढलेलं, कॅमेऱ्याची वेगळी पावतीसुद्धा फाडलेली. आणि 1957 चा कॉपीराइट कायदा सरळ सांगतो की फोटो जो काढतो तोच त्याचा कर्ता, तो असेपर्यंत आणि त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क कायम. एवढा अभ्यास करून मी प्राणिसंग्रहालयाच्या कार्यालयात गेलो आणि खिडकीपलीकडच्या साहेबांना कलमं ऐकवली. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"हक्क तुमचाच हो. त्याबद्दल आमचं काही म्हणणंच नाही. पण फोटो काढताना उभे कुठे होता?"

इथे माझा अभ्यास संपला. उभा त्यांच्या जागेत होतो. पावतीच्या मागे, मुंगीला चष्मा लागेल अशा अक्षरांत, 'छायाचित्रण फक्त खाजगी वापरासाठी' असं छापलेलं होतं आणि पावती घेतली तेव्हाच म्हणे मी ते मान्य केलं होतं. विकायचं तर अर्ज, शुल्क आणि वरिष्ठांची सही. वरिष्ठ आठवड्यातले सहा दिवस बैठकीत असतात. सातव्या दिवशी प्राणिसंग्रहालय नियमाप्रमाणे लोकांसाठी बंद असतं, तेव्हा ते पिंजऱ्यांच्या पाहणीला जातात. म्हणजे त्यांना गाठायचं तर पिंजऱ्यातच असायला हवं.

अर्ज एकच होता, सिनेमावाल्यांसाठी केलेला. युनिटमध्ये माणसं किती? जनरेटर आणणार का? चित्रीकरणाची तारीख? मी म्हटलं, फोटो काढून झालाय. साहेब म्हणाले, "मग 'लागू नाही' लिहा. रकाना मोकळा सोडू नका, परत येतो." 'प्रमुख कलाकार' या रकान्यात मी 'वाघ' लिहिलं. त्यांनी ते खोडलं नाही, फक्त पुढे 'नर की मादी' असं पेन्सिलीने लिहिलं.

तोवर म्हटलं इंटरनेटवर विकू. फोटो विकून देणाऱ्या एका परदेशी संस्थेकडे वाघ पाठवला. त्यांनीही जागेच्या मालकाचं संमतीपत्र मागितलं, प्राणी बंदिस्त असल्याचं नीट लिहायला सांगितलं आणि वर कळवलं की पिंजऱ्याच्या काचेत एका गृहस्थांचं प्रतिबिंब दिसतंय, त्यांचीही सही लागेल. निरखून पाहिलं. टोपी, काखेत पोर, तोंड उघडं. वाघाला हाक मारत असावेत. वन्यजीव कायद्याने प्राणिसंग्रहालयात आरडाओरडा करून प्राण्यांना त्रास द्यायला बंदी आहे, म्हणजे सही मागायला गेलो असतो तर त्यांनी आधी वकील गाठला असता.

हा बंदिस्तपणाचा सोस उगाच नाही. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या वन्यजीव छायाचित्र स्पर्धेत 2009 साली फाटकावरून झेप घेणारा लांडगा पहिला आला, आणि तो माणसाळलेला असावा असं ठरवून परीक्षकांनी पुढच्या जानेवारीत बक्षीस काढून घेतलं. 2017 च्या स्पर्धेत एका गटात मुंगीखाऊ जिंकला. तो तर पेंढा भरलेला असावा, असा तज्ज्ञांचा निष्कर्ष निघाला. दोन्ही छायाचित्रकारांनी आरोप नाकारले. माझा वाघ निदान जांभई देतोय.

साहेबांना खूश करावं म्हणून मी त्यांना इंडोनेशियातल्या त्या माकडाची हकीकत सांगितली. डेव्हिड स्लेटर या ब्रिटिश छायाचित्रकाराच्या कॅमेऱ्याचं बटण दाबून माकडाने स्वतःचेच फोटो काढले. माकडाच्या वतीने प्राणिहक्कवाले अमेरिकेत कोर्टात गेले आणि 2018 साली अपील न्यायालयाने निकाल दिला की माकडाला कॉपीराइटचा दावा लावता येत नाही. साहेब विचारात पडले. मग म्हणाले, "तुमच्या फोटोचं बटण तुम्हीच दाबलं, याचं एक प्रतिज्ञापत्र जोडा."

ते जोडून झालं तोवर दिवाळी तोंडावर आली आणि छपाई थांबेना. अध्यक्षांनी स्वतःच तोडगा काढला. वाघाच्या जागी ते स्वतः. फोटो मीच काढला, त्यांच्याच केबिनमध्ये, त्यांच्याच सांगण्यावरून. संमतीपत्र त्यांनी हौसेने दोन प्रतींत, संस्थेच्या गोल शिक्क्यासकट दिलं आणि पैसेही तिथल्या तिथे मोजले. घरी येऊन कायदा पुन्हा उघडला. दुसऱ्याच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन काढलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, सांगणारा असतो.

म्हणजे जो फोटो माझा आहे तो मला विकता येत नाही, आणि जो विकला तो माझा नाही. वाघाचा अर्ज वरिष्ठांच्या टेबलावर आहे. 'नर की मादी' एवढंच कळवायचं राहिलंय.