हे दिवस पाळायचे कुणाच्या सांगण्यावरून? एका ताईंच्या प्रतिक्रियेला उत्तर

ताई, प्रभू येशूच्या नावात सलाम.

पवित्र आठवड्यावरच्या, म्हणजे पुनरुत्थानाच्या सणाआधीच्या आठवड्यावरच्या, माझ्या लेखाला तुम्ही इतकी सविस्तर प्रतिक्रिया दिलीत. पहिल्यांदा वाचली तेव्हा मला राग आला. दुसऱ्यांदा वाचताना तो ओसरला. इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं आधी थोडक्यात मांडतो. नाताळ किंवा पुनरुत्थानाचा सण पाळा अशी आज्ञा नव्या करारात कुठेही नाही. उलट दिवस, महिने, ऋतू आणि वर्षं पाळता म्हणून प्रेषित पौलाने गलतीकरांना, म्हणजे गलतीयातल्या मंडळ्यांना, पत्रातून खडसावलं. २५ डिसेंबर हा मूळचा सूर्यपूजकांचा दिवस. आणि ज्याचा रोजचा दिवस प्रभूचा आहे, त्याला वर्षातून एखादा वेगळा दिवस कशाला हवा? शेवटी तुम्ही लिहिलंत की माझ्यासारखे लोक मंडळीच्या मानेवर माणसांनी घडवलेलं जू ठेवतात.

त्या जूपासूनच सुरुवात करतो, कारण तिथे तुम्ही बरोबर आहात. उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) उपासनेला जो येत नाही त्याचा विश्वास थंडावला आहे असं समजावं, असं वाक्य मी लेखात लिहिलं होतं. ते मी लिहायला नको होतं. रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात पौल म्हणतो की कोणी एक दिवस दुसऱ्यापेक्षा अधिक मानतो, कोणी सगळे सारखे मानतो. प्रत्येकाने आपल्या मनाची पक्की खातरी करून घ्यावी. दुसऱ्याच्या चाकराचा न्याय करणारा तू कोण, हा प्रश्नही त्याच अध्यायात आहे. मी नेमका तोच न्याय करून बसलो. ज्यांनी तो दिवस विचारपूर्वक, प्रभूसाठीच पाळायचा सोडला आहे, त्यांना त्या वाक्याने दुखावलं. मी क्षमा मागतो.

गलतीकरांस पत्राचा तुम्ही लावलेला अर्थ मात्र मला पटत नाही. चौथ्या अध्यायातलं दहावं वचन एकटं उचललं तर तुमचं म्हणणं सरळ दिसतं. पण त्याच्या आधीची दोन वचनं वाचा. जे देव नव्हेतच त्यांच्या दास्यात ही माणसं पूर्वी होती. सुटका झाल्यावर ती पुन्हा त्याच जातीच्या दुबळ्या, निःसत्त्व गोष्टींच्या दास्यात जायला निघाली होती. पाचव्या अध्यायात कारण उघड होतं. ख्रिस्तावरचा विश्वास पुरेसा नाही, सुंता करून घ्या, नियमशास्त्र पाळा, मगच देवापुढे नीतिमान ठराल, असं कोणीतरी त्यांच्या गळी उतरवत होतं. दिवस पाळणं हा त्या सौद्याचा एक हप्ता होता, आणि पौलाचा संताप त्या सौद्यावर आहे. नाहीतर हाच पौल पन्नासाव्या दिवसाच्या सणाला यरुशलेमेत पोहोचावं म्हणून घाई करत होता, असं प्रेषितांच्या कृत्यांत लूक का लिहितो? ज्या गोष्टीने गलतीकरांचा नाश होईल अशी त्याला भीती वाटली, त्याच गोष्टीसाठी तो समुद्रप्रवास आखतो, हे कसं जुळवायचं? मी ते असं जुळवतो: दिवसाच्या बदल्यात देवाकडून काही मिळवायचं असेल तर तो दिवस घातक. जे आधीच फुकट मिळालं आहे ते आठवण्यासाठी असेल, तर मोकळीक आहे.

आज्ञा नाही, हे खरंच आहे. पण योहानाच्या दहाव्या अध्यायात हिवाळ्याचे दिवस आहेत, यरुशलेमेत मंदिराच्या पुनःसमर्पणाचा सण चालू आहे आणि येशू शलमोनाच्या देवडीत फिरतो आहे. तो सण मोशेच्या नियमशास्त्रात नाही. शत्रूंनी विटाळलेलं मंदिर इसवी सनापूर्वी १६४ मध्ये मक्काबी यहूदा या यहुदी पुढाऱ्याने शुद्ध केलं, त्याची ती आठवण, माणसांनी ठरवलेली. प्रभू तिथे फिरत होता म्हणजे त्याने सण पाळलाच असं मी म्हणत नाही. पण माणसांच्या परंपरा देवाची आज्ञा बाजूला सारू लागल्या की तो किती कठोर बोलत असे, ते मार्काच्या सातव्या अध्यायात आपण वाचतो. या सणाबद्दल त्याने तसा एकही शब्द काढला नाही.

सूर्यपूजेबद्दल थोडक्यात. सम्राट ऑरेलियनने २७४ मध्ये रोममध्ये अजिंक्य सूर्याचं मंदिर उभारलं. २५ डिसेंबरला त्या सूर्याचा जन्मदिन आणि त्याच तारखेला ख्रिस्ताचा जन्म, या दोन्ही नोंदी ३५४ सालच्या एकाच रोमन संग्रहात सापडतात. कोणी कोणाचा दिवस घेतला, यावर अभ्यासकांत एकमत नाही. दुसरी एक वाटही जुनी आहे: प्रभूचा वध आणि त्याची गर्भधारणा दोन्ही २५ मार्चला झाली असं मानून तिथून नऊ महिने मोजायचे. ऑगस्टीन या प्राचीन मंडळीतल्या लेखकाच्या लिखाणात हा हिशेब आहे. प्रभूचा जन्म त्याच तारखेला झाला असं मी मानत नाही आणि माझ्या मुलांनाही तसं सांगितलेलं नाही. पण तारखेचा उगम कुठलाही असो, आज त्या सकाळी उपासनेला बसलेल्यांपैकी कोणी सूर्याला नमस्कार करत नाही. रविवार या नावातही सूर्य आहे, आणि त्या दिवशी तुम्ही आणि मी दोघंही प्रभुभोजनाला जातो. ईस्टर या नावात एका देवीचं नाव दडलं आहे, असंही तुम्ही म्हणता. तो तर्क इंग्रजी, जर्मन अशा मोजक्या भाषांतल्या शब्दापुरता आहे. ग्रीक आणि लॅटिन बोलणाऱ्या ख्रिस्ती लोकांनी पहिल्यापासून त्या सणाला पास्काच म्हटलं, म्हणजे वल्हांडण.

आता तुमचा सगळ्यात वजनदार मुद्दा. प्रत्येक दिवस प्रभूचा आहे. यावर मी सात वर्षं जगलो आहे. तुमच्यासारखीच वचनं काढून मी नाताळ, उत्तम शुक्रवार, सगळं सोडलं होतं, आणि ते मनापासून सोडलं होतं. त्या काळात रोजचं वचन मीच निवडायचो. आज मागे पाहतो तेव्हा दिसतं की जे मला आवडतं तेच मी पुन्हा पुन्हा वाचत होतो. रोमकरांचा आठवा अध्याय किती वेळा वाचला त्याची गणती नाही. गेथशेमानेत, म्हणजे अटकेच्या रात्री प्रभूने व्याकूळ होऊन प्रार्थना केली त्या बागेत, मी वर्षानुवर्षं पाऊल टाकलं नाही.

मग माझ्या धाकट्या बहिणीचं बाळ गेलं. नऊ दिवसांचं होतं, डिसेंबरचा पहिला आठवडा होता. नाताळाच्या उपासनेत सगळे बाळ जन्मल्याचं गाऊ लागले तेव्हा ती उठून बाहेर गेली. तिला नंतर जे ऐकायला मिळालं ते इथे लिहीत नाही. लोकांनी ते प्रेमानेच म्हटलं होतं. २८ डिसेंबरला तिच्या चर्चमध्ये एक छोटी उपासना होती, हेरोदाने मारलेल्या बेथलेहेमच्या बाळांच्या स्मरणाची. तिला एकटं पाठवायचं नव्हतं म्हणून मी सोबत गेलो. मत्तयाचा दुसरा अध्याय वाचला गेला, आणि त्यातलं यिर्मयाचं वचन: राहेल आपल्या लेकरांसाठी रडते आहे आणि सांत्वन नाकारते आहे. कोणी त्यावर काही समजावलं नाही. माझी बहीण शेवटपर्यंत बसून राहिली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा कोणी तिला सावर असं म्हटलं नव्हतं.

ताई, नाताळाच्या आठवड्यात मी ते वचन आयुष्यात निवडलं नसतं. ते माझ्या आधी शेकडो वर्षांच्या मंडळीने तिथे ठेवून दिलं होतं, माझ्या बहिणीसारख्या कुणासाठी तरी. पाळलेल्या दिवसाचा मला कळलेला उपयोग हा आहे: जे ऐकायची माझी तयारी नाही, ते तो मला ऐकवतो. वधस्तंभ आणि पुनरुत्थान यांच्यामधला तो मुका शनिवारही तसाच. देव काहीच बोलत नाही असा एक पूर्ण दिवस शुभवर्तमानात आहे, हे मला त्या दिवसाने शिकवलं. तुम्हाला हे दुसऱ्या वाटेने मिळत असेल तर त्यात मला आनंदच आहे.

तुमची भीती मी हलकी लेखत नाही. तुमचे सण मला वीट आणतात असं देव आमोस संदेष्ट्याच्या तोंडून स्वतःच्या लोकांना सांगतो, आणि ते सण तर त्यानेच नेमून दिले होते. गरिबाला तुडवून केलेला सण त्याला नको आहे. जबरदस्तीचाही इतिहास आहे, दोन्ही बाजूंचा. १६१८ मध्ये राजा जेम्सच्या दबावाखाली पर्थ इथे स्कॉटलंडच्या मंडळीवर नाताळ, उत्तम शुक्रवार आणि इतर सण लादण्यात आले. १६५९ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटनांनी (कडक शिस्तीच्या प्रोटेस्टंटांनी) नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड लावला, तो १६८१ पर्यंत कायद्यात होता. रोमकरांस पत्राचा तोच चौदावा अध्याय दोन्ही पक्षांच्या हातात होता, आणि दोघांनीही भावाचा न्याय केला.

याहून वेगळं वागणंही मंडळीला जमलं होतं, तेही फार आधी. दुसऱ्या शतकाच्या मध्याला आशिया मायनरमधल्या स्मर्नाचा बिशप पॉलिकार्प रोमला गेला. त्याच्याकडे पास्का यहुदी पंचांगातल्या निसान महिन्याच्या चौदाव्या दिवशी होत असे, मग वार कोणताही असो. रोममध्ये तशी रीत नव्हती. तो आणि रोमचा बिशप अनिसेटस, दोघांनीही एकमेकांना पटवायचा प्रयत्न केला आणि कोणाचंच कोणाला पटलं नाही. तरी अनिसेटसने आपल्या मंडळीत प्रभुभोजन चालवण्याचा मान पॉलिकार्पला दिला आणि दोघं शांतीने निरोप घेऊन गेले. पुढे १९० च्या सुमारास रोमचा बिशप व्हिक्टर याने याच कारणावरून आशिया मायनरमधल्या मंडळ्यांना तोडायचं ठरवलं, तेव्हा बिशप इरेनियसने त्याला हीच भेट आठवून दिली.

उत्तम शुक्रवारचं ते वाक्य मी आज लेखातून काढलं आहे, आणि तुमच्या प्रतिक्रियेमुळे काढलं असं तिथे लिहिलं आहे. बाकीचा लेख तसाच ठेवतो, कारण तो मला अजून खरा वाटतो. एक प्रश्न तुमच्यासाठी, आणि तो खरोखर ऐकायला म्हणून विचारतो आहे. रविवारीच जमा अशी सरळ आज्ञाही नव्या करारात मला सापडत नाही. त्रोवसात आठवड्याच्या पहिल्या दिवशी भाकर मोडायला शिष्य जमले, असे काही उल्लेख तेवढे सापडतात. तरी तुम्ही रविवार चुकवत नाही असं तुम्हीच लिहिलं आहे. तो दिवस तुम्ही कशाच्या आधारावर पाळता?