केकवर कोणाला उभं करायचं?

मुलाचा वाढदिवस जवळ आला की आमच्या घरात खातेवाटप होतं. रिटर्न गिफ्टचं खातं बायकोकडे, केकचं माझ्याकडे. यंदा चिरंजीवांनी फर्मान काढलं, "बाबा, गेमिंगवाला केक हवा." म्हटलं, वा, हा तर आपला विषय!

केकवाल्याने मोबाइलवर अल्बम उघडला. मारिओ, सॉनिक, पिकाचू, पॅकमॅन आणि शेवटी डोळे वटारलेला अँग्री बर्ड. मला शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात आल्यासारखं वाटलं. पॅकमॅन १९८०चा, मारिओ १९८१चा, सॉनिक १९९१चा, पिकाचू १९९६चा. त्यातल्या त्यात कोवळा तो पक्षी, पण तोही २००९चा, म्हणजे वयाने आमच्या चिरंजीवांचा दादाच. मुलाने सगळ्यांवरून एकदा बोट फिरवलं आणि निकाल दिला, "हे सगळे तुझ्या वेळचे आहेत."

माझ्या वेळचे आहेत हे खरंच. पण नवे कुठे आहेत?

त्या मारिओचंच घ्या. त्याची मिशी त्याला घडवणाऱ्या शिगेरू मियामोतोने काही हौसेने ठेवलेली नाही. मोजक्या ठिपक्यांत तोंड काढता येईना, म्हणून मोठं नाक आणि त्याखाली मिशी. केस चितारण्याची कटकट नको म्हणून टोपी. हात हललेले दिसावेत म्हणून अंगात ओव्हरऑल. आधी तो सुतार होता, मग प्लंबर झाला. आमच्या सोसायटीचा प्लंबर दहा फोन केले तरी येत नाही. हा बिचारा कुणी न बोलावता पाइपात शिरतो. निव्वळ नाइलाजातून घडलेला हा गृहस्थ चाळिशी उलटली तरी उड्या मारतोय. बरोबरच आहे, त्याची जागा घ्यायला कुणी यायला तर हवं!

आणि आमचा मुस्तफा! १९९३ सालच्या त्या गेमचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', पण व्हिडिओ गेम पार्लरमध्ये ते उच्चारलं असतं तर पोरांनी वेड्यात काढलं असतं. "मुस्तफा चालू आहे का?" एवढंच विचारायचं. खरं तर गेममध्ये निवडायला चौघं होते, पण पिवळ्या टोपीवाल्या मुस्तफाची उडती लाथ मिळावी म्हणून मारामाऱ्या व्हायच्या. नाणं टाकणाऱ्याला मुस्तफा, चिकटायला आलेल्याला जाड्या, असा अलिखित कायदा होता. मी बहुतेक जाड्याच असायचो. तरी हिरो कोण, याबद्दल पार्लरमध्ये कुणाच्या मनात शंका नव्हती.

मी मुलाला विचारलं, "मग तुमच्या गेममध्ये हिरो कोण?"

"म्हणजे?"

"म्हणजे मेन. सगळं करणारा."

"मीच की!"

हे तो बढाई मारून नाही, भूगोलाचं उत्तर द्यावं तसं म्हणाला. रोब्लॉक्समध्ये ज्याचा त्याचा अवतार असतो. माइनक्राफ्टमधला स्टीव्ह कसा वाटतो विचारलं, तर "तो डिफॉल्ट आहे" असं आपण 'तो नापास आहे' म्हणतो त्या सुरात ऐकवलं. हा नक्की काय खेळतो ते बघावं म्हणून मी रोब्लॉक्सवर खातं उघडलं होतं. तिथे फुकटात मिळणाऱ्या तपकिरी केसांच्या अवताराला मुलं 'बेकन' म्हणतात. "बाबा, तू बेकन आहेस. माझ्या मागे मागे येऊ नकोस, फ्रेंड्स बघतायत," असं मला माझ्याच घरात, माझ्याच वायफायवर ऐकावं लागलं.

यातला धंदा मात्र मला तेव्हा उमगला. मुस्तफाची टोपी पिवळी म्हणजे पिवळीच, त्याला नवी टोपी घ्या असं कोण सांगणार? पण पोरालाच हिरो केलं की त्याला टोपी विकता येते, शिंगं विकता येतात, पुढच्या महिन्यात दुसरी शिंगं विकता येतात. आणि ओळखीचा चेहरा लागलाच तर तो बाहेरून आणायचा. फोर्टनाइटमध्ये बॅटमॅन, नारुतो, गोकू अशी मातब्बर मंडळी फुग्याला टांगलेल्या बसमधून उड्या मारतात आणि एकमेकांना लोळवून वर नाचतात. फ्री फायरवाल्यांनी तर २०२०मध्ये थेट हृतिक रोशनला गेममध्ये उतरवलं. नवा हिरो घडवायचा खटाटोप करतंय कोण?

शेवटी केकवर मुलाचा अवतार छापायचं ठरलं. डोक्याला शिंगं, तोंडाला निन्जाचा मास्क, खांद्यावर मांजर, पाठीला काळे पंख. केकवाल्याने फोटो मोठा करून पाहिला.

"पंख फॉन्डंटचे, म्हणजे साखरेच्या लगद्याचे करावे लागतील, साहेब. त्याचे वेगळे पडतील."

"पंखांचे पैसे भरलेत मी."

"कुठे भरले?"

मागे रांग होती, त्यामुळे रोबक्स म्हणजे रोब्लॉक्समधलं विकत घ्यायचं चलन, हे सांगायचं राहून गेलं. पैसे दिले.

वाढदिवसाला आई औक्षणाचं तबक घेऊन आली आणि केकपाशी थबकली. "अगंबाई, हा कोण रे?"

"आजी, तो मी आहे."

आईने शिंगांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "थांबा, आधी मीठ-मोहऱ्या आणते. ओवाळणं मागाहून."

दृष्ट काढून झाली, मेणबत्त्या विझल्या. तेवढ्यात एक मित्र ओरडला, "अरे, हे तर तुझं जुनं स्किन!"

"हो ना, कालच बदललं."

"आणि पंख?" मी विचारलं.

"पंख आता सगळ्यांकडे असतात, बाबा," म्हणत त्याने एक पंख मोडून माझ्या डिशमध्ये ठेवला. पंख कडक होता आणि गोडमिट्ट. एरवी मी फॉन्डंट बाजूला काढून ठेवतो, पण हा शेवटच्या तुकड्यापर्यंत चावून खाल्ला. दोनदा पैसे भरले होते.