स्पर्श म्हणजे नुसती थरथर नव्हे : हॅप्टिक तंत्रज्ञानाविषयी फिरणाऱ्या एका संदेशाचा प्रतिवाद

गेले काही आठवडे कोल्हापुरातल्या उद्योजकांच्या, शिक्षकांच्या आणि माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक संदेश फिरतो आहे. त्याचा मजकूर थोडक्यात असा : 'हॅप्टिक टेक्नॉलॉजी हे मोबाइलच्या व्हायब्रेटरला दिलेले भारदस्त नाव आहे. दिसणारे आणि ऐकू येणारे मोजता येते, स्पर्श मोजता येत नाही. तो अनुभव आहे, त्याचे आकडे होत नाहीत. गेम खेळणाऱ्या श्रीमंत मुलांसाठी काढलेले हे दहा-पंधरा वर्षांतले खूळ आहे. भारतात यावर कोणी काम करत नाही. तरीही सावध राहा, कारण पाच वर्षांत यंत्राचा हात कोल्हापुरी चप्पल शिवेल आणि आपला कारागीर घरी बसेल.'

मी इथल्या एका महाविद्यालयात इन्स्ट्रुमेंटेशन शिकवतो. आमच्या अंतिम वर्षाच्या एका विद्यार्थिनीने हा संदेश वाचल्यावर आपला हॅप्टिकवरचा, म्हणजे यंत्रातून हाताला स्पर्श आणि बल जाणवून देण्याच्या तंत्रावरचा, प्रकल्प सोडून द्यावा का, असे मला विचारले. तिला तोंडी जे सांगितले तेच इथे सविस्तर लिहितो आहे, कारण हा संदेश तिच्यासारख्या आणखी किती जणांपर्यंत पोहोचला असेल याची मला काळजी वाटते.

पहिले विधान व्हायब्रेटरचे. जुन्या फोनमध्ये थरथर निर्माण करणारी एक छोटी मोटर असते, तिच्या दांड्यावर एका बाजूला जड असलेले वजन बसवलेले असते आणि ती फिरली की फोन हादरतो. एवढ्यापुरते संदेशाचे म्हणणे खरे आहे. या मोटरची अडचण अशी की वेग वाढवला की जोरही वाढतो, दोन्ही वेगवेगळे हाताळता येत नाहीत, म्हणून तिच्यातून एकाच प्रकारची गुरगुर निघते. हॅप्टिकचे काम मात्र इथून फार पुढचे आहे. ते समजण्यासाठी घरातला किंवा कार्यालयातला २०१५ नंतरचा एखादा मॅकबुक प्रो, म्हणजे अ‍ॅपलचा लॅपटॉप, पूर्ण बंद करावा आणि त्याच्या ट्रॅकपॅडवर बोट दाबून पाहावे. चालू असताना जो 'टिक्' दाबला गेल्यासारखा वाटत होता तो नाहीसा झालेला असतो, कारण ती काच खाली जातच नव्हती. बोटाचा दाब ओळखून आतले विद्युतचुंबक तिला क्षणभर आडवे हलवत होते, आणि आपला मेंदू त्या आडव्या हालचालीचा अर्थ 'बटण खाली गेले' असा लावत होता.

आडव्या बलातून खोली किंवा उंची जाणवते, हा या क्षेत्रातला अत्यंत महत्त्वाचा शोध आहे. मार्गारेट मिन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये एका जॉयस्टिकला फक्त आडवे ओढणारे बल देऊन सँडपेपरसारखा खरखरीतपणा हाताला जाणवून दाखवला. पुढे २००१ मध्ये गॅब्रिएल रोब्लेस-दे-ला-तोरे आणि व्हिन्सेंट हेवर्ड यांनी 'नेचर' या नियतकालिकात त्याहून थक्क करणारा प्रयोग मांडला. बोट प्रत्यक्षात उंचवट्यावरून जात असताना त्याला खड्ड्यात मिळेल तसे आडवे बल दिले, तर माणसाला खड्डाच जाणवतो. म्हणजे आकार ओळखताना हात बोटाच्या वर-खाली होण्यापेक्षा बलावर अधिक विश्वास ठेवतो. इतके बारीक ज्ञान ज्या शास्त्रातून निघते त्याला व्हायब्रेटरचे नवे नाव म्हणणे चुकीचे आहे.

इथे आणखी एक भेद सांगितला पाहिजे, कारण संदेशात तो पूर्णपणे पुसला गेला आहे. त्वचेला कळणारा स्पर्श वेगळा आणि स्नायू-सांध्यांना कळणारे बल वेगळे. तालमीत दोन मल्ल सलामी झडल्यावर एकमेकांच्या मानेवर हात टाकतात, तेव्हा तळव्याला माती आणि घाम कळतो. पण समोरच्याचा भार कोणत्या पायावर आहे हे तळव्याला कळत नाही, ते मनगट, कोपर आणि खांद्याला कळते. हॅप्टिकमध्ये या दोन्हींसाठी वेगवेगळी साधने लागतात. दुसऱ्या प्रकारचे गाजलेले साधन म्हणजे अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेत थॉमस मॅसी आणि केनेथ सॅलिसबरी यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तयार केलेले 'फँटम'. त्यात बोट एका टोपणात घालायचे आणि बारीक मोटरींनी चालणारा एक हलका दांडा त्या बोटाला पडद्यावरच्या वस्तूचा विरोध जाणवून देतो. हा विरोध कडक वाटावा यासाठी संगणकाला सेकंदाला सुमारे १,००० वेळा बलाचे गणित नव्याने करावे लागते. चित्रपट डोळ्यांना सलग दिसण्यासाठी सेकंदाला २४ चित्रे पुरतात, हे लक्षात घेतले म्हणजे हाताला फसवणे किती अवघड आहे हे कळते.

दुसरे विधान सर्वांत जास्त लोकांना पटलेले दिसते : स्पर्श मोजता येत नाही. माझे वडील उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत मोल्डर, म्हणजे ओतकामाचे साचे करणारे, होते. साच्याची वाळू तयार झाली की ते मूठभर वाळू घट्ट आवळायचे, मूठ उघडून बोटांचे ठसे नीट उमटलेत का ते पाहायचे आणि तो गोळा मोडून कडा कशी तुटते ते बघायचे. पाणी कमी आहे की जास्त, याचा निकाल त्यांची मूठ द्यायची. आज शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत त्याच वाळूचा ओलावा टक्क्यांत मोजतात आणि तिची दाब सहन करण्याची ताकदही यंत्रावर तपासतात. मुठीला कळत होते त्यातले बरेचसे आकड्यांत आले. त्यामुळे वडिलांच्या मुठीची किंमत माझ्या लेखी कमी झाली नाही. उलट ती मूठ किती गोष्टी एका वेळी मोजत होती हे मला त्या यंत्रांमुळेच समजले.

स्पर्शाचे मोजमाप तसे जुने आहे. एर्न्स्ट हाइनरिश वेबर यांनी १८३४ मध्येच कंपासाची दोन टोके त्वचेवर टेकवून ती किती अंतरावर वेगळी जाणवतात हे शरीरभर मोजले होते. बोटाच्या टोकावर हे अंतर दोन-तीन मिलिमीटर असते, पाठीवर ते सुमारे चार सेंटिमीटरपर्यंत जाते. हाताच्या तळव्याकडच्या बाजूला सुमारे १७,००० स्पर्शग्राही चेतातंतू आहेत, हा अंदाज रोलंड योहान्सन आणि ओके व्हाल्बो यांच्या १९७९ मधल्या कामातून आला. त्यातले पॅसिनी नावाचे स्पर्शग्राही सेकंदाला २०० ते ३०० कंपनांना सर्वाधिक संवेदनशील असतात आणि एका मायक्रॉनपेक्षाही, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही, लहान थरथर टिपतात. स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिले की सरकते बोट सुमारे १३ नॅनोमीटर (एक नॅनोमीटर म्हणजे मायक्रॉनचा हजारावा भाग) उंचीच्या सुरकुत्या गुळगुळीत पृष्ठभागापासून वेगळ्या ओळखू शकते. दाबाची जाणीव पेशीत शिरते ती पिएझो नावाच्या प्रथिनांतून. त्यांच्या शोधासाठी आर्डेम पाटापूटियन यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक डेव्हिड ज्युलियस यांच्यासोबत विभागून मिळाले. ज्याचे आकडे होत नाहीत त्या विषयात इतके आकडे सापडणे शक्य नव्हते.

आणि केवळ मोजणे नव्हे, स्पर्श नोंदवून पुन्हा जाणवून देणेही झाले आहे. कॅथरीन कुखेनबेकर आणि हेदर कल्बर्टसन यांच्या गटाने पेनसिल्व्हानिया विद्यापीठात कागद, कापड, लाकूड, दगड अशा १०० पृष्ठभागांवरून लेखणीसारखे साधन फिरवून त्याचे बल, वेग आणि कंपने नोंदवली, आणि २०१४ मध्ये तो सगळा संग्रह इतर संशोधकांसाठी खुला केला. संदेश लिहिणाऱ्याचा एक मुद्दा मात्र मी मान्य करतो. हे पृष्ठभाग आज जाणवतात ते काठीच्या टोकाने चाचपल्यासारखे. पूर्ण पंजाने एखादी वस्तू कुरवाळल्याचा अनुभव अजून कोणालाही नीट देता आलेला नाही. ओलेपणा, चिकटपणा, मऊ वस्तूचे हातात पसरणे यांत अजून पुष्कळ काम बाकी आहे. 'अजून झाले नाही' या वाक्याच्या जागी संदेशाने 'होऊच शकत नाही' असे लिहिले, आणि नेमकी हीच चूक माझ्या विद्यार्थिनीला मागे ओढत होती.

तिसरे विधान खुळाचे आणि चैनीचे. 'हॅप्टिक' हा शब्द माक्स देस्वार यांनी १८९२ मध्ये जर्मनमध्ये स्पर्शाच्या अभ्यासासाठी वापरला. यंत्रांकडे पाहिले तर रेमंड गर्ट्झ यांनी अमेरिकेतल्या आर्गॉन प्रयोगशाळेत किरणोत्सारी पदार्थ भिंतीपलीकडून हाताळण्यासाठी बल परत जाणवून देणारे यांत्रिक हात बनवले. विजेवर चालणारा त्यांचा हात १९५४ चा आहे. फ्रेडरिक ब्रूक्स यांनी नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात १९६७ मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पातून पुढे रसायनशास्त्रज्ञांना औषधाचा रेणू प्रथिनाच्या खोबणीत कुठे बसतो हे हाताने चाचपून पाहता आले. थरथरणारे गेम-कंट्रोलर बाजारात लोकप्रिय झाले ते यानंतर तीस वर्षांनी, १९९७ च्या सुमारास. खेळांमुळे या तंत्राला पैसा मिळाला हे खरे, पण ते खेळांसाठी जन्मले नाही.

चैनीच्या आरोपाला सर्वांत सरळ उत्तर अंध वाचकांचे आहे. स्टॅनफर्डमधले जॉन लिनव्हिल यांची मुलगी अंध होती. तिला छापील पुस्तक थेट वाचता यावे यासाठी त्यांनी आणि जेम्स ब्लिस यांनी 'ऑप्टाकॉन' तयार केला : एका हाताने छोटा कॅमेरा ओळीवरून फिरवायचा आणि दुसऱ्या हाताच्या बोटाखाली १४४ बारीक टाचण्या थरथरून त्या अक्षराचा आकार उमटवायच्या. तो १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला विक्रीस आला आणि अनेकांनी त्यावर वर्षानुवर्षे वाचन केले. त्याच सुमारास, १९६९ मध्ये, पॉल बाख-इ-रीटा यांनी खुर्चीच्या पाठीत ४०० कंपक बसवून अंध व्यक्तींना कॅमेऱ्यासमोरच्या वस्तू पाठीच्या त्वचेने ओळखायला शिकवल्या.

शस्त्रक्रियेचे उदाहरण मी मुद्दाम सविस्तर देतो, कारण ते वरवर पाहता संदेशाच्या बाजूचे आहे. दा विंची हा शल्यक्रियेचा रोबो अमेरिकेत २००० मध्ये मान्य झाला आणि त्यानंतर दोन दशकांहून अधिक काळ शल्यविशारद त्याच्यावर जवळजवळ स्पर्शाविनाच काम करत राहिले. ऊती किती ताणली गेली आहे, हे ते तिच्या बदलत्या रंगावरून आणि आकारावरून, म्हणजे डोळ्यांनीच ताडत. मग स्पर्शाची गरज काय, असा प्रश्न कोणी विचारला तर तो रास्त आहे. पण अनुभवी डोळा ही उणीव भरून काढतो, शिकाऊ डोळा काढू शकत नाही. गाठ मारताना धागा जास्त ओढला जाणे किंवा नाजूक ऊतीला इजा होणे हा धोका तिथेच असतो. अ‍ॅलिसन ओकामुरा यांच्यासारख्या संशोधकांनी या प्रश्नावर वर्षानुवर्षे काम केले. अडचण विजेच्या जोडणीची नव्हती. शरीराच्या आत जाणाऱ्या, निर्जंतुक करता येणाऱ्या, काही मिलिमीटर जाडीच्या अवजारात बल मोजणारा संवेदक (सेन्सर) बसवणे आणि ते बल हाताकडे परत पाठवताना यंत्र स्वतःच थरथरू न देणे, या दोन गोष्टी अवघड होत्या. अखेर मार्च २०२४ मध्ये मान्यता मिळालेल्या दा विंची ५ मध्ये बल जाणवून देणारी अवजारे आली. स्पर्श अनावश्यक असता तर इतकी वर्षे कोणी त्याच्यामागे लागले नसते.

याच संदर्भात पिट्सबर्गमधला प्रयोगही सांगण्यासारखा आहे. हातापायांना लुळेपणा आलेल्या एका व्यक्तीने मेंदूत बसवलेल्या बारीक विद्युत तारांच्या साहाय्याने यांत्रिक हात चालवला. त्या हाताला मिळणारा स्पर्श मेंदूत परत पोहोचवला, तेव्हा वस्तू उचलून ठेवण्याच्या कामाचा वेळ साधारण २० सेकंदांवरून १० सेकंदांवर आला. हे निष्कर्ष २०२१ मध्ये 'सायन्स'मध्ये प्रसिद्ध झाले.

चौथे विधान, भारतात कोणी काम करत नाही, हे साफ खोटे आहे. आयआयटी मद्रासमध्ये प्रा. एम. मणिवन्नन यांची स्पर्शाला वाहिलेली प्रयोगशाळा आहे. आयआयटी मुंबईत प्रा. सुभासिस चौधुरी यांच्या गटाने हाताला फरक कळेल तेवढीच बलाची माहिती नेटवर्कवरून पाठवायची, या पद्धतीचा अभ्यास केला. त्याच्या मुळाशी वर आलेल्या वेबर यांचाच नियम आहे : मूळ जोर जितका जास्त, तितका बदलही मोठा असावा लागतो, तरच तो हाताला कळतो. आयआयटी दिल्लीतून आलेली 'स्मार्टकेन' ही पांढऱ्या काठीवर बसवायची मूठ २०१४ पासून उपलब्ध आहे. गुडघ्याच्या वर आडवे येणारे फांदी, ट्रकचा मागचा भाग यांसारखे अडथळे ती तीन मीटरपर्यंत ध्वनिलहरींनी हेरते आणि तळव्याला थरथरीतून कळवते. बाहेर गेलेल्यांत मंडयम श्रीनिवासन यांचे नाव घेतलेच पाहिजे : त्यांच्या एमआयटीतल्या टच लॅबने २००२ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजसोबत एक प्रयोग केला, ज्यात अटलांटिकच्या दोन किनाऱ्यांवरच्या दोन व्यक्तींनी एकच आभासी ठोकळा मिळून उचलला आणि एकमेकांचा जोर अनुभवला.

राहिले पाचवे विधान, कारागिराचे. जो संदेश सुरुवातीला हे तंत्र खूळ आहे म्हणतो, तोच शेवटी ते पाच वर्षांत कारागिराला हटवेल म्हणतो. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकत नाही. शिवाय हॅप्टिक तंत्र माणसाच्या हाताकडे जाणीव पोहोचवते. ज्या कामातून माणूसच काढून टाकायचा असतो, त्या कामात ही जाणीव कोणाला पोहोचवायची? कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिचे चामडे बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावलेले असते, आणि एकच कातडे पाठीकडे जाड व पोटाकडे सैल असते, त्यामुळे ते किती भिजवायचे आणि शिवताना वादी किती ताणायची हे प्रत्येक जोडाला अंगठा नव्याने ठरवतो. कारागिराला आज खरा धोका आहे तो नक्षी आणि नाव उचलून विकल्या जाणाऱ्या नकली मालाचा आणि पुढची पिढी या कामाला न बसण्याचा.

माझ्या विद्यार्थिनीचा प्रकल्प याच दुसऱ्या अडचणीविषयी आहे. अनुभवी कारागीर वादी ओढतो तेव्हा तिच्यावर किती ताण येतो, तो कसा वाढतो आणि हात नेमका कुठे थांबतो, हे आरीच्या मुठीत आणि वादीच्या टोकाला बसवलेल्या संवेदकांनी नोंदवायचे, आणि शिकणाऱ्याच्या हाताला तो ताण एका साध्या मोटरवाल्या मुठीतून जाणवून द्यायचा, एवढीच तिची कल्पना आहे. 'जरा बेताने ओढ' या वाक्यातले 'बेताने' किती, हे शब्दांत सांगता येत नाही, पण हातातून हातात देता येईल असे तिला वाटते आणि मलाही वाटते. तिने प्रकल्प सोडलेला नाही. पहिल्या नोंदी घेण्यापूर्वी मी तिला एकच अट घातली आहे : ज्या कारागिराच्या हाताची नोंद होईल त्याची लेखी संमती घ्यायची, आणि अहवालात त्या नोंदीवर त्याला हवे असेल तर त्याचे नाव लिहायचे.