सुपारीचा आकडा विचारायला लाजायचं कशाला

परवा रत्नागिरीला संगीत क्षेत्रात काम शोधणाऱ्यांसाठी एक रोजगार मेळावा होता, करियर फेअर म्हणतात ना तो. माझ्या संगीताच्या क्लासमधल्या तीन मुलांना घेऊन कणकवलीहून सकाळच्या गाडीने गेले होते. आल्यापासून डोक्यात तेच घोळतंय, म्हटलं लिहूनच काढू. लांब होईल, पण ज्यांच्या घरात कोणी गातं-वाजवतं त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

आधी चांगलं ते सांगते. मेळावा भरला हेच मोठं आहे. आपल्याकडे पोरगं पेटी वाजवतं म्हटलं की "छान आहे हो, पण पोटाचं काय" इथपर्यंतच गाडी येते, आणि इथे तर टेबलं मांडून माणसं बसलेली, स्टुडिओवाले, इव्हेंटवाले, ऑनलाइन क्लासवाले, साऊंडचे कोर्स चालवणारे. पुण्याला फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये साऊंड रेकॉर्डिंगचा तीन वर्षांचा कोर्स असतो हे माझ्याबरोबरच्या मुलीला तिथे पहिल्यांदा कळलं. तिची गाण्याची मध्यमा परीक्षा झालीय, गळा बरा आहे, पण कान फार तयार आहे, पेटीचा एखादा सूर केसभर उतरला तरी मान वर करते. अशा मुलीला गायिकाच व्हायला पाहिजे असं काही नाही हे तिला कोणीतरी सांगायला हवं होतं, ते तिथे सांगितलं गेलं. त्याबद्दल मनापासून आभार.

पण दिवसभरात एकाही टेबलावर एकाही माणसाने पैशाचा आकडा तोंडातून काढला नाही. मला ते इतकं लागलंय ना.

दुसरा मुलगा पखवाज वाजवतो, एकोणीस वर्षांचा. आदल्या रात्री बारी होती, म्हणजे दोन भजनी बुवांचा समोरासमोर सामना, पहाटे चारला घरी आला आणि आंघोळ करून तसाच स्टेशनवर. गाडीत माझ्या समोर बसला होता तेव्हा बघितलं, नखांत कणीक सुकलेली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पखवाजाच्या डाव्या तोंडाला भिजवलेली कणीक लावतात, तिच्यावर तो घुमारा असतो, आणि पावसाळी दमट हवेत चामडं सैल पडलं की पोरं चढवून चढवून बेजार होतात. तर एका इव्हेंटवाल्या टेबलावर त्याला प्रोफाइल विचारलं. त्याच्याकडे प्रोफाइल कुठली, त्याने मोबाइल काढला, काच तडकलेली, त्यावर बारीचा व्हिडिओ दाखवला. समोरच्या साहेबांना आवडलं, खरंच आवडलं, दोन मिनिटं मान डोलावत होते. म्हणाले रिसॉर्टला शो असतात आमचे, फ्युजन करतो, ये तू. हा म्हणाला, "सर, माका इतक्याच इचारूचा हा, एका शोचे किती गावतले?"

ते हसले. म्हणाले आधी एक्स्पोजर मिळेल, चार लोकांत ओळख होईल, मग बघू.

त्याने माझ्याकडे बघितलं. आपण काहीतरी भलतंच विचारलं की काय, असा चेहरा. त्या चेहऱ्यासाठी मी ही पोस्ट लिहितेय.

अहो आपल्या डबलबारीत सुपारी, म्हणजे कार्यक्रमाचा सौदा, कशी ठरते ते बघा. मंडळाची माणसं बुवांच्या घरी येतात, पडवीत बसतात, चहा होतो, तारीख बोलतात, रक्कम बोलतात, गाडी कोणाची, जेवण किती माणसांचं, समोर बुवा कोण, सगळं तोंडावर. मग सुपारी हातात पडते आणि तारीख पक्की. दशावताराच्या कंपन्यांचंही तेच, जत्रेचा सिझन लागायच्या आधी तारखा बांधलेल्या असतात. सगळेच बुवा, सगळेच मालक चोख असतात असं मी म्हणत नाही, पाकिटातून कापणारे आपल्यातही आहेत, पण आकडा विचारला म्हणून कोणी कोणाला हसत नाही. पेटी दुरुस्त करणाऱ्याला विचारा, आपल्या खाऱ्या हवेत सुरांच्या पट्ट्या गंजतात, गुजरातेतल्या पालिताण्याचे रीड मागवून बदलायचे किती, भाता नवीन घालायचा किती, तो उभ्या उभ्या सांगेल. आणि ही माणसं मेळाव्यात नव्हतीच! ना पेटीवाला, ना आपल्या तालुक्यातला साऊंडवाला जो दिवाळीनंतर मे महिन्यापर्यंत घरी झोपायला मिळालं तर नशीब म्हणतो, ना दशावताराचा मालक. म्हणजे इथे कोकणात ज्यांचं घर खरोखर संगीतावर चालतं त्यांना टेबल नाही, आणि मुलांना काम दाखवायचं ते सगळं मुंबईचं. मुंबईला जाऊ नये असं नाही, जावं, पण भाव समजून जावं.

दुसरी गोष्ट नावाची. बारीचा बॅनर नीट वाचलाय का कधी? बुवांचं नाव मोठं, फोटो मोठा, पण खाली पखवाज साथ कोणाची, तबला कोणाचा, झांज कोणाची आणि गुरुवर्य कोण, सगळं लिहिलेलं असतं. गावातल्या चौकात, पोफळीला बांधलेल्या फ्लेक्सवर. आणि ॲपवर गाणं उघडा, कित्येकदा कंपनीच्या नावापलीकडे काही दिसत नाही.

हे मी ऐकीव बोलत नाहीये. २००६ ला मुंबईच्या एका कंपनीसाठी भजनाचा अल्बम केला होता आम्ही. दोन गवळणींच्या चाली माझ्या आणि गायलेही मीच. इंग्रजीतला तीन पानी कागद पुढे ठेवला, सही केली, दीड हजार रुपये रोख मिळाले, तेव्हा ते खूप वाटले आणि सीडी येणार याचाच आनंद एवढा की कागद वाचावा असं मनातही आलं नाही. आता गणपतीत माझ्याच वाडीत स्पीकरवर ती गवळण लागते. नाव कंपनीचं. माझ्या लेकीने विचारलं, आई हा तुझ्यासारखाच आवाज आहे ना गं, तेव्हा काय सांगू तिला?

म्हणून मुलांना हे माहीत पाहिजे. २०१२ मध्ये कॉपीराइटच्या कायद्यात दुरुस्ती झाली. तेव्हापासून गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला बरोबरीचा वाटा कागदावर सही करून सोडून देता येत नाही, तो द्यायचा तर वारसाला नाहीतर कॉपीराइट सोसायटीला. माझा कागद त्याच्या आधीचा, पण आज जी पोरं भजनातल्या गजराच्या चाली बांधून यूट्यूबला चॅनलवाल्यांना देतायत त्यांना हा कायदा लागू आहे. आयपीआरएस नावाची गीतकार-संगीतकारांची संस्था १९६९ पासून आहे, गायकांनी आपल्या हक्कांसाठी २०१३ मध्ये इस्रा नावाची संस्था काढली. आणि वादकांनो, तुम्ही पण आहात बरं या कायद्यात. कायद्यात परफॉर्मर कोणाला म्हणायचं त्याची यादीच आहे, गायक, वादक, नर्तक, जादूगार, अगदी गारुडीसुद्धा. गारुड्याचा हक्क कायद्याने लिहून ठेवलाय आणि आमच्या पखवाजवाल्याला वाटतं आपण नुसते साथीला बसतो.

मेळाव्यात यावर एक तासाचं भाषण ठेवलं असतं तरी चाललं असतं. सेल्फ ब्रँडिंगवर दोन भाषणं झाली. रील कसं करायचं ते माझ्या मुलांना माझ्यापेक्षा चांगलं येतं हो, करार कसा वाचायचा ते कोणीच शिकवत नाही.

आपला "मानधन" हा शब्द पण मला आता नको वाटतो. मान द्या, जरूर द्या, पण धनाचा आकडा वेगळा सांगा. शाल-श्रीफळ घेऊन रात्री दोनला बायकामाणसांनी स्वतःच्या खर्चाने रिक्षा करून घरी यायचं, हे मी वीस वर्षं केलंय आणि कधी तोंड उघडलं नाही, कारण कलेत पैसा काढायचा नसतो असं मनावर बिंबवलेलं. माझ्या गुरुजींनीही तेच केलं, शेवटच्या आजारपणात औषधाला शिष्यांनी वर्गणी काढली. त्यांच्याकडे शिकलेल्यांना ते दिवस आठवत असतील.

आयोजकांना मी फोन करून हे सगळं सांगितलंय, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. पुढच्या वेळी प्रत्येक टेबलावर कामाचं नाव, महिन्याचे किंवा शोचे किती आणि लेखी करार देणार की नाही, एवढं पाटीवर लिहायला सांगा म्हटलं. आणि आपल्याकडचे साऊंडवाले, पेटीवाले, दशावतार कंपन्यांचे मालक यांना बोलवा, मी स्वतः घरोघरी जाऊन बोलावून आणते.

तोपर्यंत येत्या रविवारी दुपारी चारला माझ्या क्लासवर या. आमच्या क्लासमधल्याच एका मुलाचे वडील वकील आहेत, ते येतायत. ज्यांनी कोणी कुठल्या कंपनीसाठी, चॅनलसाठी गायलंय, वाजवलंय, चाली दिल्यात त्यांनी आपापले कागद घेऊन या, जुने असले तरी आणा, झेरॉक्स असली तरी चालेल. एकेक कागद मोठ्याने वाचू. पहिला माझाच, पत्र्याच्या पेटीतून शोधून काढलाय, वाळवी लागलीय कडेला पण सही अजून दिसते.