अनुदान हवंय? मग आधी ओढा विसरा

वस्तीमागचा ओढा गाळाने भरलाय, काठावरची झाडं गेलीत आणि चार जण म्हणताहेत, आपणच काहीतरी करू. छान. फक्त लगेच फावडं घेऊन ओढ्यावर जाऊ नका. आधी अर्ज उघडा. पैसे कशासाठी मिळतात ते वाचा आणि ओढ्याला नेमका तोच आजार आहे असं ठरवून टाका. यंदा हवामानबदलाची चलती असेल, तर तुमचा गाळ हा हवामानबदलाचा बळी. गेल्या वर्षी तोच गाळ जैवविविधतेच्या मुळावर उठला होता. गाळाची काही हरकत नसते.

मग येतो तक्ता. 'तार्किक चौकट' नावाचा, योजनेचा हेतू, कामं आणि मोजमाप रकान्यांत मांडायचा हा प्रकार १९६९ च्या सुमारास अमेरिकेच्या परदेशी मदत संस्थेसाठी तयार झाला, मोठमोठ्या योजना जोखायला. आता तो पन्नास रोपांनाही लावतात. त्यातला 'गृहीतकं' हा रकाना म्हणजे कल्पवृक्ष. 'पाऊस वेळेवर पडेल, गुरं रोपं खाणार नाहीत, सर्व संबंधित सहकार्य करतील' असं बिनधास्त लिहा. जे जे बिघडणार ते सगळं तिथे आधीच कोंबून ठेवलं, की पुढे दोष तुमच्याकडे येत नाही, गृहीतकाकडे जातो.

मोजायचं काय? लावलेली रोपं. जगलेली रोपं चुकूनही लिहू नका. लावणं आपल्या हातात, जगणं रोपाच्या. २००४ च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेच्या किनाऱ्यावर खारफुटी लावायचे खूप प्रयत्न झाले. पुढे संशोधकांनी २३ जागा तपासल्या, तर ९ जागांवर एकही रोप जिवंत नव्हतं. जात निवडली ती लावायला सोपी म्हणून, लांब शेंगेसारखा कोंब चिखलात खुपसला की काम झालं. जागा मात्र कुठे फार खोल पाण्याची, तर कुठे फार कोरडी. लागवडीनंतर ज्यांनी लक्ष ठेवलं, तिथे निकाल बरा लागला. पण नुसती लावलेली रोपं मोजली असती, तर तेवीसच्या तेवीस जागा पास होत्या की!

अंदाजपत्रकात फलक, टोप्या, कार्यशाळा आणि उद्घाटन सढळ हाताने घाला. पाणी घालणाऱ्या माणसाचा पगार घातलात, तर लगेच विचारणा होईल, 'प्रकल्प संपल्यावर हा खर्च कोण करणार?' प्रश्न बिनतोड आहे. रोपाला पहिली दोन-तीन वर्षं जपावं लागतं, अनुदान बारा महिन्यांचं, त्यातले काही महिने मंजुरीत जातात. हप्ता हातात पडतो तेव्हा पावसाळा संपलेला असतो आणि आर्थिक वर्ष संपायच्या आत पैसे खर्च करायचे असतात. तेव्हा भर उन्हात लावा. फोटो उन्हात चांगले येतात.

स्वतःचा हिस्सा दाखवायला रोकड नसेल तर श्रमदान चालतं, तासांचे पैसे लावून. मी एकदा हा हिशेब लिहायला बसलो होतो. एक आजी रोज संध्याकाळी दोन बादल्या आणून रोपांना घालायच्या. त्यांच्यापुढे सहीचा कागद धरला तर म्हणाल्या, "पाणी घातल्याची सही कसली रे?" सही नाही म्हणून त्यांचे तास धरले नाहीत. कार्यशाळेला चहापुरते आलेले चाळीस जण मात्र रीतसर धरले गेले. त्यांच्या सह्या होत्या.

'जागतिक पर्यावरण सुविधा' या आंतरराष्ट्रीय निधीच्या लघु अनुदान कार्यक्रमापासून जरा जपूनच राहा. १९९२ पासून तो थेट स्थानिक गटांना पैसे देतोय, आणि अर्ज स्थानिक भाषेत, अगदी चित्रफितीतूनही द्यायची सोय त्याने केली आहे. असल्या सवयी लागल्या तर उद्या तुम्ही अर्जात चक्क ओढ्याबद्दलच बोलायला लागाल.

शेवटी समारोप अहवाल. त्यात 'प्रकल्पातून काय शिकलात' असा एक रकाना असतो, किमान दोनशे शब्दांचा. मी प्रामाणिकपणे लिहिलं, 'पाणी घालायला माणूस लागतो.' चारच शब्द झाले. पुढचं पान उघडेना. मग लोकसहभागावर उरलेले एकशे शहाण्णव लिहिले, आणि उघडलं.