‘एका दिवसाच्या कामाला तीन दिवस’ या रिव्ह्यूला मालकाचं उत्तर

नमस्कार सर,

तुम्हाला मनस्ताप झाला, त्याबद्दल माफी मागतो. भर ॲडमिशनमध्ये सर्व्हर रीस्टार्ट झाला ती चूक आमचीच, त्याबद्दल खाली लिहिलंय. पण एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंत, ‘लॅबच्या ३० कॉम्प्युटरना विंडोज ११ टाकायला तीन दिवस लावले, मुलगा स्क्रीनकडे बघत चहा पीत बसला, पैसे मात्र पूर्ण घेतले.’ हे फार लागलं. नारायण पेठेत १४ वर्षं दुकान आहे. काल कोटेशन मागायला फोन केलेल्या एका गृहस्थांनी आधी तुमचा रिव्ह्यूच वाचून दाखवला. म्हणून त्या तीन दिवसांचा हिशोब इथेच मांडतो.

पहिला दिवस गुरुवार. तुमच्या भागातली वीज सकाळी १० ला गेली ती ५ ला आली, आणि ६ ला शिपाईकाकांनी शटर ओढलं. गुरुवार नको, असं मी फोनवर म्हटलं होतं.

शुक्रवारी ९ ला आमचा मुलगा हजर. हे काम पेन ड्राइव्ह घेऊन एकेका मशीनपुढे बसण्याचं नसतं. मशीन नेटवर्कवरून चालू होतं, ‘मला पत्ता द्या’ म्हणून हाक मारतं, डीएचसीपी सर्व्हर (नेटवर्कवर पत्ते वाटणारा) पत्ता देतो, त्यासोबत बूट फाइल, म्हणजे मशीन सुरू करणारी फाइल, कुठे मिळेल तेही कळतं, मग फाइल ओढली जाते आणि इमेज, म्हणजे विंडोजची तयार प्रत, उतरते. तुमच्यासाठी बूट इमेज आम्ही वेगळी बनवून आणली होती, कारण विंडोज ११ च्या डीव्हीडीतली बूट इमेज डब्ल्यूडीएसवर (नेटवर्कवरून विंडोज टाकायची मायक्रोसॉफ्टची सोय) सरळ चालत नाही. पहिली चार मशीन छान लागली. ११ नंतर मात्र एक लागेल तर तीन नाही. पत्ता मिळतोय, पण फाइलचं नाव नाही. आधी आम्हाला स्विचचा संशय आला, कारण स्पॅनिंग ट्रीमुळे (वायरींचा फेरा झालाय का, ही स्विचची तपासणी) पोर्ट सुरू व्हायला ३० सेकंद जातात आणि तोवर मशीन कंटाळून सोडून देतं. ही वाट टाळणारं पोर्टफास्ट सेटिंग लावलं, केबल बदलल्या. फरक शून्य. संध्याकाळी ५ नंतर पुन्हा दोन लागली! तुम्ही ज्याला ‘स्क्रीनकडे बघत बसणं’ म्हणता ते हे.

शनिवारी मी स्वतः आलो. न लागणाऱ्या मशीनवर जुनं विंडोज चालू करून आयपीकॉन्फिग बघितलं, म्हणजे पत्ता कोणी दिला ते दाखवणारी कमांड. डीएचसीपी सर्व्हरचा पत्ता १९२.१६८.१.१. आपल्या सर्व्हरचा तर १९२.१६८.१०.५! म्हणजे पत्ते वाटणारा दुसरा कोणीतरी होता. (हे शुक्रवारीच बघायला हवं होतं, कबूल.) त्याचा मॅक ॲड्रेस (प्रत्येक उपकरणाचा स्वतःचा नंबर) स्विचवर शोधला, तो १७ नंबरच्या पोर्टवर निघाला. ती वायर धरून गेलो तर रिसेप्शनच्या टेबलाखाली, माहितीपुस्तिकांच्या गठ्ठ्यामागे, घरगुती वायफायचा पांढरा राउटर. इंटरनेटच्या पोर्टात लावायची वायर लॅनच्या (आतल्या नेटवर्कच्या) पोर्टात, म्हणून तो सगळ्यांनाच पत्ते वाटत होता. रिसेप्शनच्या ताई ११ ला येऊन बोर्डाचं बटण दाबतात आणि ५ ला बंद करून जातात. तेवढ्या वेळात जे मशीन हाक मारेल त्याला कधी आपला सर्व्हर आधी उत्तर देणार, कधी तो राउटर, आणि राउटरला बूट फाइलचं नाव माहीतच नाही.

सर, ‘दुसरा राउटर कुठे आहे का?’ हे मी गुरुवारी दारातच विचारलं होतं. तुम्ही ‘छे हो’ म्हणालात. नंतर कळलं, भाच्याने मोबाइलसाठी लावून दिला होता. राउटर काढला ४:३० ला, उरलेली सगळी मशीन ७:१० ला तयार. हे मात्र रिव्ह्यूत नाही. आणि चहा आमच्या मुलाने समोरच्या टपरीवरून स्वतःच्या पैशाने आणला होता. आमच्या मुलांना तशी सवय आहे, पण लिहिलंत म्हणून सांगितलं. पैसे कोटेशनमध्ये ठरले तेवढेच घेतले, जादा दोन दिवसांचा रुपयाही लावला नाही.

आता सर्व्हरचं. मायक्रोसॉफ्टचे अपडेट दुसऱ्या मंगळवारी, आपल्याकडे रात्री उशिरा येतात. आम्ही दुकानातूनच डब्ल्यूएसयूएसवर (अपडेट मंजूर करून वाटायची मायक्रोसॉफ्टची सोय) ते मंजूर केले आणि इन्स्टॉलची वेळ पहाटे ३ ची ठेवली. पण तुमच्याकडे रात्री मेन स्विचच बंद होतो, त्यामुळे हुकलेलं काम सर्व्हरने बुधवारी सकाळी चालू झाल्यावर उरकलं आणि ११:२० ला रीस्टार्ट घेतला. रात्री सर्व्हर चालू असतो का, हे आम्ही विचारायला हवं होतं. नाही विचारलं. यापुढे तुम्हाला फोन केल्याशिवाय रीस्टार्ट होणार नाही, ते सेटिंग त्याच दुपारी बदललं. बाकीही काही गोष्टी सुधारतो आहोत.

रिव्ह्यू काढा असं म्हणत नाही, वेळेबद्दलचं तेवढं जमल्यास बदलावं.

तो पांढरा राउटर रिसेप्शनच्या खालच्या ड्रॉवरमध्ये ठेवलाय, ॲडॅप्टर गुंडाळून. पुन्हा लावायचा झाला तर आधी एक फोन करा, त्याचं डीएचसीपी कसं बंद करायचं ते दोन मिनिटांत सांगतो. त्याचे पैसे नाहीत.