गराजमधला पितृपक्ष

ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात राहायचं तर दोन गोष्टींपासून जपावं लागतं. एक टोर्नाडो आणि दुसरी शेजाऱ्यांच्या माळ्यावरची मासे पकडायची जुनी रिळं. टोर्नाडोच्या आधी निदान भोंगा तरी वाजतो. रीळ येतं ते बिनबोभाट, वाणसामानाच्या पिशवीत गुंडाळलेलं, आणि सोबत एकच वाक्य येतं, "हे माझ्या आजोबांचं."

झालं, तिथेच आपण संपलो. नवंकोरं रीळ इथे कुठल्याही मोठ्या दुकानात दोघांच्या पिझ्झ्याच्या पैशात मिळतं. पण आजोबांचं म्हटल्यावर 'टाकून द्या' हे कुठल्या तोंडाने म्हणणार? आपले पितर वर्षातून पंधरा दिवस येतात, खीर-वडे खातात आणि शहाण्यासारखे परत जातात. माझ्या गराजमध्ये परक्यांचे पितर बारा महिने मुक्कामाला असतात, आणि त्यांना लागतं फक्त रॉकेल.

ही पीडा मागे लावली शेजारच्या म्हातारबाबांनी. "तू इंजिनियर ना?" त्यांनी विचारलं. मी पाइपलाइनवाल्यांसाठी सॉफ्टवेअर लिहितो. पाना-पकडीशी माझा संबंध कपाटं जोडण्यापुरता. तसं सांगू लागलो तर म्हणाले, "शिवाय तू समुद्राकाठचा. मासेमारी तुमच्या रक्तातच." मी वेंगुर्ल्याचा, हे खरं. पण आमच्या घराण्यात मासा पकडतात तो बाजारात, कोळणीच्या टोपलीतून, कल्ला उघडून बघत आणि भावावरून भांडत.

त्यात हे गावच रिळांचं. रिळं बनवणारी झेब्को कंपनी इथलीच. तिचं मूळ नाव झीरो अवर बॉम्ब कंपनी आणि धंदा तेलविहिरीत उडवायचे टाइमबॉम्ब बनवण्याचा. 1947 साली टेक्सासचा आर. डी. हल नावाचा घड्याळजी त्यांच्याकडे एक कल्पना घेऊन आला. दुकानात पुडकं बांधताना दोरा ओढला की रीळ जागचं हलत नाही, दोरा मात्र टोकावरून सुळसुळ सुटत येतो, हे त्याने पाहून ठेवलं होतं. वाण्याकडे छताला टांगलेलं तसलं रीळ आपणही लहानपणी पाहिलंय. आपण साखरेची पुडी घेऊन घरी आलो, त्याने अख्खा बॉम्बचा कारखाना मासेमारीला लावला. 1949 मध्ये पहिलं रीळ बाहेर पडलं आणि 1954 मध्ये ते प्रसिद्ध मॉडेल 33. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना रीळ पाठवलं तेव्हा खोक्यावरचं 'बॉम्ब कंपनी' वाचून सुरक्षारक्षकांनी ते पाण्यात बुडवलं, अशी गोष्ट इथे चवीने सांगतात. लोक हसतात. मी हसत नाही. जुन्या रिळाचं खोकं दारात दिसलं की मलाही पहिली इच्छा तीच होते.

दिसायला हे रीळ अगदी गरीब. पुढे धातूची टोपी, टोपीला मधोमध भोक, मागे अंगठ्याचं बटण. बटण दाबलं की आतली वाटी पुढे सरकते आणि दोरा टोपीला चेपून धरते. रीळ बसवलेली गळाची काठी झोकात पुढे आणताना बटण सोडलं की दोरा मोकळा. मग हँडल फिरवलं की वाटीच्या कडेतून एक इवलीशी पिन डोकं वर काढते आणि दोरा पकडून गुंडाळायला लागते. पाच वर्षांच्या पोरालाही जमतं, म्हणूनच इथे पोराच्या हातात पहिलं रीळ येतं ते बहुधा असलंच. आणि पाच वर्षांच्या पोराला दिलेल्या वस्तूची जी दशा व्हायची ती झालेली असते.

टोपी काढली की आधी वास. इथल्या कॅटफिशला आमिष म्हणून चीज आंबवून, त्यात रक्त वगैरे कालवून एक लगदा लावतात, आणि त्याच हाताने हँडल फिरवतात. मी घरी सुकट भाजली तेव्हा याच म्हातारबाबांनी दार ठोठावून, गॅस तर गळत नाही ना, अशी काळजीने चौकशी केली होती.

वास ओसरला की दोरा. नायलॉनचा दोरा वर्षानुवर्षं गुंडाळून पडला की सोडल्यावरही वेटोळीच घालतो. त्यातला थोडा हटकून वाटीच्या मागे शिरून मधल्या दांडीला आवळून बसलेला असतो. "गिअर मोडलेत," असं सांगून आलेल्या निम्म्या रिळांचं दुखणं एवढंच. चिमट्याने तो दोरा उपसला की रीळ फिरायला लागतं. इथे थांबावं, हा शहाणपणाचा सल्ला. मी थांबत नाही, कारण आत पितळी गिअर आहे हे मला ठाऊक असतं.

त्या गिअरवरचं ग्रीस डिंकाच्या पाकासारखं घट्ट झालेलं असतं. रॉकेलमध्ये भिजवायचं, जुन्या दातब्रशने घासायचं, परत भिजवायचं. तासाभराने काळ्या चिखलातून एकेक दाता पिवळाधमक बाहेर येतो तेव्हा मात्र मी बायकोला हाक मारतो. ती येते, गिअरकडे पाहत नाही.

"अहो, हे माझं इडलीपात्र आहे."

पार्ट काढलेल्या क्रमाने ठेवायला इडलीपात्रासारखी सोय जगात नाही. वरच्या ताटलीत टोपी, वाटी, पिन; खालच्यात ड्रॅगच्या, म्हणजे मासा ओढ घेतो तेव्हा दोरा बेताने सुटू देणाऱ्या चकत्या, त्याही काढल्या त्याच क्रमाने. हे मी तिला सांगितलं. तिने इडल्या कशात करायच्या ते विचारलं.

सगळ्यात पाजी ती इंग्रजी ई अक्षराच्या आकाराची क्लिप. डाळीएवढा जीव, पण पेचकसाचं टोक लागताच जी उडते ती थेट वॉशिंग मशीनच्या खाली. मग टॉर्च जमिनीवर आडवा ठेवून शोधायचं. उजेड आडवा पडला की क्लिपची लांब सावली दिसते, तशीच गेल्या दिवाळीतल्या चकलीच्या तुकड्याचीही दिसते. आता मी स्प्रिंगची कामं पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत दोन्ही हात घालून करतो. पाहणाऱ्याला वाटतं, बॉम्बच निकामी करतोय.

जोडताना हात आखडता ठेवायचा. गिअरला ग्रीसचं बोट, हँडलच्या दांडीला आणि पिनला शिवणयंत्राच्या तेलाचा एकेक थेंब, बस. हौसेने भरलं तर सगळं दोऱ्यावर येतं. पिनला दोरा घासून खाच पडलेली असेल तर पिन बदलायची, नाहीतर नवा दोराही तिथेच तुटणार.

मग मागच्या हिरवळीवर चाचणी. गळाऐवजी प्लास्टिकचं वजन बांधून मी दोरा फेकत असतो, आणि फोनवर वेंगुर्ल्याहून बाबा बघत असतात. "रे झिला, दोरयेक कसला यंत्र व्हया? हातान सोडूची, हातान ओढूची," असं म्हणून ते फोन आईकडे देतात.

यंदा इथल्या मराठी मंडळींच्या गणपतीत आरतीनंतर एक काकू जवळ आल्या. हातात पिशवी. माझ्या पोटात गोळा आला.

"तुम्ही जुनी यंत्रं दुरुस्त करता म्हणे. हे मिक्सरचं भांडं, सासूबाईंनी लग्नात दिलेलं. खालची चकती फिरत नाही."

"मी फक्त रिळं करतो हो काकू."

"सासूबाई गेल्या मागच्या वर्षी," त्या म्हणाल्या.

मी पिशवी घेतली. त्या चकतीचा आटा उलटा असतो की सुलटा, तेवढं कुणाला माहीत असेल तर सांगा. हात लावायच्या आधी.